नदीची पोरं

हेरॉन पॉइंट, न्यू ब्रन्सविक
१८ जानेवारी २००४

चि. नोएला हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं नाताळचं पत्र आणि लोकरीचे मोजे पोचले. माझा जोड बरोबर बसला. दुसरा जोड कुणासाठी ते तू लिहिलं नव्हतंस, पण एवढे मोठे पाय या घरात एकाचेच आहेत. मी ते खुर्चीवर ठेवून दिले. आठवडाभर तिथेच होते. परवा बर्फ साफ करून दादा आत आला तेव्हा त्याच्या पायात दिसले. मी बघितलं, त्याने बघितलं की मी बघितलं, आणि तो म्हणाला की चहा कमी उकळलाय.

फोन कर म्हणतेस, पण मला फोनवर अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरते. मागच्या खेपेला तू पडसं झालं म्हणालीस आणि मी वस्तीभर सांगून आले की नोएलाचं लग्न झालं. त्यापेक्षा पत्र बरं.

सहा वर्षं झाली गं. तू त्या सरकारी माणसांबरोबर आपल्या नदीत उतरलीस, सॅमनची बोटाएवढी पिल्लं जाळ्यात धरून बादल्यांतून नेलीस, आणि दादा काठावरून ओरडला की नदीची पोरं पळवणारी माझी पोरगी नव्हे. तेव्हापासून तू या दारात आली नाहीस आणि त्याने तुझं नाव काढलं नाही. दोघांचीही मान सारखीच ताठ. वहिनी असती तर एकेकाचा कान धरला असता. माझे हात तेवढे लांब नाहीत.

मात्र एक सांगते. तुझी पत्रं मी वाचून झाली की साखरेच्या डब्याखाली ठेवते आणि टोपल्या विणायला शेजारी जाते. परत येते तेव्हा पत्र तिथेच असतं, पण घडी उलटी असते. साखर काही घड्या घालत नाही. तेव्हा लिहिताना सगळं नीट, सविस्तर लिहीत जा. डोळे माझे अधू आहेत, तर अक्षर मोठं काढ. दादाचेही अधूच आहेत.

तुझी माया आहे तशीच राहो, यापरतं मागणं नाही.

तुझी आत्या,
अगाथ

० ० ०

मेपल फोर्ड
९ फेब्रुवारी २००४

ती. आत्यास नोएलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून हसले. अक्षर मोठं काढते आहे.

सध्या आमच्या मत्स्यबीज केंद्रात सॅमनच्या अंड्यांचे दिवस आहेत. वाटाण्याएवढी, नारिंगी, आणि आता प्रत्येकात दोन काळे ठिपके दिसायला लागलेत. ते डोळे. अंधाऱ्या खोलीत ट्रेवर ट्रे लावलेले, वरून गार पाणी वाहतं. मेलेलं अंडं पांढरं पडतं. ते वेळेवर काढलं नाही तर त्याची बुरशी शेजारच्यांना लागते. म्हणून रोज सकाळी मी चिमटा घेऊन पांढरी अंडी वेचते. बोटं बधिर होतात. केसांना मासळीचा वास आहे, आणि बेकरीतली बाई मला न विचारताच सुटे पैसे लांबून ठेवते.

आमच्या मुख्य बाई डोरीन स्टीव्हज यांच्याजवळ एक जाडजूड वही आहे. प्रत्येक माशाच्या पाठीत तांदळाच्या दाण्याएवढी खूण घातलेली असते. ती यंत्राने वाचली की तो कुणाचा कोण ते कळतं. कारण, आत्या, सगळी मिळून त्र्याण्णव पिल्लं होती आम्ही नेली ती. पुढच्या वर्षी नदी पुन्हा शोधली तर एकही सापडलं नाही. आपल्या नदीचे जेवढे सॅमन या जगात उरलेत, ते जवळजवळ सगळे या पत्र्याच्या शेडमध्ये आहेत आणि सगळे एकमेकांचे नातेवाईक. भावाबहिणीची जोडी लागली तर पिढी दुबळी निघते. म्हणून डोरीनबाई नातीगोती तपासून सोयरिकी जुळवतात, अगदी जुन्या बायकांसारख्या.

मी त्या दिवशी नदीत उतरले ते सरकारसाठी नव्हतं. बाबांनी मला त्या नदीत उभं राहायला शिकवलं होतं, आणि ती रिकामी होताना मला दिसत होती. हे मी तुला सांगते आहे, आत्या. तुला.

तब्येत जप. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
नोएला

० ० ०

हेरॉन पॉइंट
२८ मार्च २००४

चि. नोएलास आशीर्वाद.

खाडीवरचा बर्फ आता भाकरीसारखा फुगून तडकतोय. स्मेल्ट मासा यंदा भरपूर मिळाला. मी तळला, दादाने डोक्यासकट खाल्ला.

मला काही प्रश्न पडले आहेत. मलाच पडलेत, असं समज. पहिला, त्या टाकीतल्या माशांना माशी म्हणजे काय ते ठाऊक आहे का, की सगळा जन्म खाद्याच्या गोळ्यांवर? दुसरा, वरून सावली पडली की ते पळतात का? तिसरा, ज्या मादीची सोयरीक तुमची ती बाई वहीत बघून करते, तिला कुणी विचारतं का? नदीत मादी स्वतः जागा शोधते, स्वतः खडे उकरते आणि आवडला नाही त्या नराला शेपटीने हाकलते. हे मला कुठून माहीत, असं विचारू नकोस. मी तर जन्मभर टोपल्याच विणल्या.

हे प्रश्न मी जेवणानंतर लिहून घेतले. सांगणारा भांडी पुसत होता आणि माझ्याकडे पाठ करून होता.

उत्तर खरं दे. गोड करून देऊ नकोस.

तुझी आत्या

० ० ०

मेपल फोर्ड
२० मे २००४

ती. आत्यास सा. न.

तुझे प्रश्न दोन दिवस झोंबले. मग उत्तर लिहायला बसले.

माशी नाही माहीत. सावली पडली की पळत नाहीत, उलट वर येतात, कारण सावली म्हणजे गोळ्या. हे मला रोज दिसतं आणि रोज खुपतं. म्हणून बहुतेक पिल्लं आम्ही चारायच्या आधीच, पोटाखालची बलकाची पिशवी संपता संपता, नदीत सोडतो. शिकायचं ते तिथेच शिकू दे म्हणून. गेली तीन वर्षं सोडतोय. गेल्या शरदात नदीतल्या मोजणीच्या कुंपणापाशी समुद्रातून परत आलेले किती, तर दोन. दोन मासे. डोरीनबाईंनी त्या दिवशी सगळ्यांना केक खाऊ घातला, आणि मग स्वतः गाडीत जाऊन रडल्या.

आणि मादीला कुणी विचारत नाही. खरं तेच सांगितलं.

प्रश्न विचारणाऱ्याला सांग की त्याचं चुकत नाहीये. पण त्या वेळी नेली नसती तर आज विचारायलाही कुणी नसतं. हे दोन्ही खरं असू शकतं का, एवढं मात्र मला त्याच्याकडून ऐकायचंय.

नेच्याचे कोंब फुटले असतील. माझ्या वाटचे थोडे बरणीत घाल.

नोएला

० ० ०

मेपल फोर्ड
६ ऑगस्ट २००४
(वस्तीच्या कचेरीत फॅक्सने. कृपया अगाथ आत्याच्या हातात लगेच द्यावे.)

ती. आत्यास,

नमस्कार-चमत्काराला वेळ नाही, माफ कर. फोन केला होता. बाबांनी उचलला, माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला.

पाऊस नाही हे तू बघतेच आहेस. आमच्या विहिरीचं पाणी खाली गेलं आणि जे येतंय ते कोमट. टाक्यांतलं पाणी बावीस अंशांवर गेलंय. मोठे मासे, आम्ही नेलेल्या पिल्लांची टाकीत जन्मलेली पोरं, जे यंदा अंडी घालणार होते, पृष्ठभागाशी तोंड उघडून उभे आहेत. एकसष्ट होते. या आठवड्यात अकरा गेले. आज सकाळी मी ज्या मादीला चार वर्षं हाताने चारलं ती आडवी तरंगत होती. बर्फाच्या लाद्या आणून टाकतोय, पण त्या एका टाकीपुरत्या. दुसऱ्या केंद्रांतही हीच गत, कुणाकडे जागा नाही.

तू मला लहानपणी सांगायचीस की वरच्या अंगाला आपल्या घराण्याचा एक डोह आहे. तळातून झरा फुटतो आणि भर उन्हाळ्यात पाय घातला तर हाडं दुखतात. पणजोबांनी आजोबांना दाखवला, आजोबांनी बाबांना, आणि बाहेरच्या कुणाला कधीच नाही. मला तो बाबांनी दाखवायचा होता. त्याआधीच आमचं बिनसलं.

तो अजून आहे का? अजून गार आहे का? त्यांना विचार. माझ्यासाठी नको. माशांसाठी विचार.

नोएला

० ० ०

हेरॉन पॉइंट
६ ऑगस्ट २००४, दुपार
(फॅक्स)

नोएला,

डोह आहे. गार आहे. आत्ताच जाऊन हात घालून आलो. म्हणून उत्तराला चार तास लागले.

नकाशा मागच्या पानावर. कचेरीतल्या मुलीने तो पाहिला आहे, तिच्याकडून तिच्या आईच्या नावाने शपथ घेतली आहे. लाकूडतोड्यांच्या रस्त्याने जळक्या पुलापर्यंत गाडी येईल. पुढे पाऊण तास चाल. टाकी घेऊन येता येणार नाही, मासे उचलून आणावे लागतील.

माझ्या अटी. तिथे खांब, झेंडे, पाट्या ठोकायच्या नाहीत. रस्ता करायचा नाही. एकदा सोडले की अंडी काढायला परत धरायचे नाहीत. जोड्या त्यांच्या त्या लावतील.

तू मे महिन्यात विचारलं होतंस त्याचं उत्तर. हो, दोन्ही खरं असू शकतं. मला ते कळायला वेळ लागला.

बूट चांगले घाल. त्या वर्षीचा डावा गळत होता.

इसिडोर

० ० ०

मेपल फोर्ड
१४ ऑगस्ट २००४

ती. आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे दुखतात म्हणून तू वर आली नाहीस आणि बाबा घरी येऊन काय सांगतील ते मला माहीत आहे. ते म्हणतील, सोडले. बस्स. म्हणून सगळं लिहिते.

आठ मासे डोरीनबाईंनी बर्फाच्या टाकीत मागे ठेवले, प्रत्येक घराण्यातला एकेक, काही वाईट झालं तर असावेत म्हणून. बाकीचे बेचाळीस ट्रकने जळक्या पुलाशी आणले. बाबा आधीच येऊन बसले होते. त्यांनी वाटेवरची पडलेली झाडं तोडून बाजूला केली होती. एकट्याने, आत्या, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. डोरीनबाई हात पुढे करून म्हणाल्या की तुमचे फार उपकार आहेत. बाबा म्हणाले की मासे तापतायत, उपकार मग.

मासा न्यायला रबरी नळकांडी असतात, पाण्याने भरलेली, माणसाच्या मांडीएवढी जाड. दोघांनी दोन टोकं धरायची. आम्ही माणसं विषम होतो, आणि सगळ्यांच्या जोड्या लागल्यावर मी एकटी उरले. बाबांनी दुसरं टोक उचललं. पहिल्या फेरीत एक शब्द नाही. दुसऱ्या फेरीत म्हणाले की खांदा खाली घे, पाणी तुझ्याकडे जातंय. तिसऱ्या फेरीत ते सॅमनला आपल्या भाषेतल्या नावाने हाक मारून बोलायला लागले. प्लामू, प्लामू, थोडंच राहिलं, असं. मी लहानपणी तापात पडले होते तेव्हा याच आवाजात बोलायचे. मला पुढची वाट दिसेना. सुदैवाने पुढे तेच चालत होते.

दोन मासे वाटेत गेले. चाळीस डोहात उतरले. पाणी काळं, स्वच्छ, आणि इतकं गार की माझ्या तोंडून शिवी निघाली. एकेक मासा खोल जाऊन तळाशी स्थिरावला. शेवटची मादी मात्र बाबांच्या हातांतून जाईना. त्यांच्याकडे तोंड वर करून उभी. गोळ्यांची सवय. बाबा तिला म्हणाले, जा गं बाई, इथं कोण बसलंय तुला भरवायला, मी माझ्या पोरीला सुद्धा सहा वर्षं जेवायला विचारलेलं नाही. आणि मग त्यांना कळलं की आपण काय बोललो. मासा गेला. आम्ही दोघं पाण्यातून काठावर आलो.

त्यानंतर त्यांनी पिशवीतून लस्किनिगनचा तुकडा काढला, तू भाजलेली भाकरी ती, आणि अर्धा मला दिला. एवढंच झालं. मला पुरलं.

तू पत्रं साखरेच्या डब्याखाली ठेवलीस, आत्या. तुझे पांग मी कशी फेडू ते मला ठाऊक नाही.

नोएला

० ० ०

हेरॉन पॉइंट
७ नोव्हेंबर २००४

चि. नोएलास आत्याचे आशीर्वाद.

माझे पांगबिंग फेडू नकोस, एक ऊबदार शाल पाठव.

तुझा बाबा सप्टेंबरपासून वरच राहतोय. तंबू, छोटी शेगडी, मूस हरणाचं सुकवलेलं मांस आणि हट्ट. आठवड्यातून एकदा खाली येतो, आंघोळ करतो, भाकऱ्या घेतो आणि परत. म्हणतो की पाणमांजराने तीन नेले आणि गरुडाने दोन. मी म्हटलं, त्यांनाही पोट आहे. तर म्हणाला, म्हणून तर ओरडलो नाही, नुसता उभा राहिलो.

काल दुपारी मात्र भलत्याच वारी आला. चिखलाचे बूट न काढता माझ्या पुसलेल्या जमिनीवरून थेट आत, आणि खुर्चीवर बसला. मला वाटलं काही दुखतंय. मग हातवारे करून सांगायला लागला. मादी कुशीवर पडून शेपटीने खडे कसे उडवते, खड्डा खोल झालाय का ते कशी पोटाने चाचपून बघते, दोन नर कसे भांडले, आणि तिने मोठ्याला हाकलून लहान, एक डोळा फुटका असलेला कसा पत्करला. सत्तर ओलांडलेला माणूस, माझ्या स्वयंपाकघरात शेपटी हलवून दाखवत होता. एकोणीस घरटी त्याने मोजली, डोहाच्या खालच्या उथळ खडकाळीत. आणि हे सगळं ज्यांनी कधी नदी बघितली नव्हती त्यांनी केलं. कुणी शिकवलं गं त्यांना?

मग म्हणाला की त्या वेळी तिने नेली नसती तर आज हे झालं नसतं. मला म्हणाला. मी म्हटलं, मला अर्धं ऐकू येतं, पूर्ण ज्याला ऐकायचंय त्याला सांग. तर बूट वाजवत निघून गेला.

संत आनच्या देवळात मेणबत्त्या लावल्या. एक माशांची आणि एक तुम्हा दोघांची. दोघांना एकच पुरेल म्हटलं.

तुझी आत्या

० ० ०

मेपल फोर्ड
२४ जानेवारी २००५

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र यायच्या आधीच मला बातमी कळली. भर जानेवारीत तीन दिवस पाऊस, नदीवरचा बर्फ फुटला आणि लाद्या तळ खरवडत खाली गेल्या. जळक्या पुलाचा उरलेला खांबही गेला म्हणे. खड्यांत वीतभर खाली असलेल्या अंड्यांचं अशा वेळी काय होतं ते मला माहीत आहे, आणि बाबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

त्यांना सांग की मागे ठेवलेल्या आठांची अंडी आमच्या ट्रेमध्ये सुखरूप आहेत. काळे डोळे दिसायला लागलेत. वंश तुटलेला नाही. वरचं सगळं गेलं असलं तरी तुटलेला नाही.

आणि हेही सांग की मला त्याचा पश्चात्ताप नाही. तो डोह त्यांनी दिला नसता तर ते मासे ऑगस्टमध्येच माझ्या डोळ्यांसमोर मेले असते. त्याऐवजी त्यांना एक शरद ऋतू मिळाला, स्वतःचा. त्या दिवशी आभार मानायचे राहून गेले. भाकरी तोंडात होती.

ते गप्प झाले असतील तर त्यांना गप्प राहू दे. फक्त जेवण चुकवू देऊ नकोस.

नोएला

० ० ०

हेरॉन पॉइंट
१९ जून २००५

चि. नोएलास बाबाचे आशीर्वाद.

अगाथ म्हणते की पत्राची सुरुवात अशी करतात. केली.

हिवाळाभर मी वर गेलो नाही. जाऊन काय बघायचं होतं. मे महिन्यातही गेलो नाही. तुझी आत्या रोज विचारायची आणि मी रोज गुडघ्यांचं कारण सांगायचो. गुडघे तिचे दुखतात, माझे नाहीत. काल ती म्हणाली की तू नाही गेलास तर मी जाते, आणि काठी घेऊन खरंच निघाली. मग गेलो. तीही आली, थांबत थांबत, खडकाळीच्या जरा खालच्या वळणापर्यंत. तिथे दगडावर बसली.

उथळ खडकाळी ओळखू येत नव्हती. अर्धी बर्फाने वाहून नेली आहे. जिथे घरटी मोजली होती त्यातल्या बऱ्याच जागी आता नुसता कातळ. मी बूट-मोजे काढले, विजार वर केली आणि आत जाऊन उभा राहिलो. काही शोधायचं म्हणून नाही. पाणी बरं वाटलं म्हणून.

थोड्या वेळाने घोट्याच्या मागे काहीतरी हललं. मला वाटलं पान. परत हललं. पिल्लू होतं. माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढं, अंगावर बोटांचे ठसे उमटल्यासारखे पट्टे. प्रवाहाचा जोर चुकवायला ते माझ्या पायाच्या आडोशाला येऊन उभं राहिलं होतं. मग दुसऱ्या पायाशी एक. मग खडकामागे तीन, चार. पुढे डोळ्यांना पाणी आलं म्हणून मोजणं सोडलं. एक माशी पाण्यावर पडली आणि घोट्यामागच्या पिल्लाने ती उचलली. कुणी शिकवलं नव्हतं. मी हात वर केला, सावली पडली, आणि सगळी एका क्षणात नाहीशी. पळाली, नोएला. सावलीला पळाली. मग मी हलायचं बंद केलं, तेव्हा परत आली.

आता ती माझ्या पायांच्या आडोशाला उभी होती, तर मी पाय कसा काढणार. उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. दोन्ही पाय लाकडाचे झाले. शेवटी तुझ्या आत्याला हाका मारल्या. तिला अर्धं ऐकू येतं, पण यावेळी पूर्ण ऐकू आलं. ती काठी टेकत वर आली, मला काठावर ओढलं, मूर्ख म्हणाली, आणि मग स्वतः बघितलं. मग तीही माझ्या शेजारी काठावर बसली.

ही पिल्लं समुद्रात जातील आणि परततील तेव्हा मी असेन की नाही सांगता येत नाही. असलो तरी त्यातला एकही मासा मला ताटात नको. मला जे बघायचं होतं ते बघून झालं.

तू जुलैत संत आनच्या सणाला ये. दोन दिवसांसाठी नाही, रजा काढून ये. तुझी खोली अगाथने टोपल्यांनी भरून टाकली आहे, ती मी रिकामी करतो आहे. डोरीनबाईंनाही आण. त्या म्हणाल्या होत्या की उपकार आहेत आणि मी त्यांना बोलू दिलं नाही. त्यांच्याशीही माझं बोलणं बाकी आहे.

अगाथ शेजारी बसून म्हणते की पत्रात तुझे आभार लिही. मी म्हटलं की पोटच्या मुलीचे कुणी आभार मानतं का, तसली रीत आपल्यात नाही. ती म्हणाली की सहा वर्षं न बोलण्याची रीत तरी कुठे होती.

तेव्हा लिहितो. तू ती पिल्लं नेलीस, आणि सांभाळलीस, आणि परत आणलीस. आभारी आहे.

तुझा,
बाबा